अंदमानची सहल आणि एक चुकलेलं उत्तर

गेले दोन महिने आमच्या घरात एकच विषय चालू आहे. दिवाळीच्या सुट्टीत अंदमान. मुलगा आणि सून पुण्याहून दर रविवारी फोन करतात आणि अर्धा तास तरी विमानांच्या वेळा, बोटींची तिकिटं, हॉटेलं यांवर जातो. नात सई यंदा आठवीत आहे. तिला पाण्याखाली जाऊन मासे आणि प्रवाळ बघायचं आहे. सुनेला चार दिवस नुसतं वाळूत बसायचं आहे, आणि तिची नोकरी बघता ती मागणी मला अगदी रास्त वाटते. मला कुणी काही विचारलं नव्हतं, कारण मला काय हवंय ते सगळ्यांना ठाऊक होतं. नाशिकच्या माणसाने अंदमानला जायचं ते सेल्युलर जेलसाठी. भगूर आमच्यापासून इतकं जवळ, की शाळेची एक सहल दरवर्षी तिथे ठरलेली असायची.

शेवटी सईनेच कामाची वाटणी केली. "बाबा तिकिटांचं बघेल, आई हॉटेलचं. आजी, तू इतिहासाचं बघ. कुठे काय झालं ते लिहून ठेव, म्हणजे गाइड करावा लागणार नाही."

सदतीस वर्षं इतिहास शिकवलेल्या बाईला याहून सोपं काम कोणतं? मी दुकानातून दोनशे पानी वही आणली आणि मुलाने पाठवलेला सात दिवसांचा कार्यक्रम पहिल्या पानावर उतरवला. पहिला दिवस सेल्युलर जेल. दुसरा रॉस बेट. तिसरा-चौथा हॅवलॉक. पाचवा नील. सहाव्या दिवशी बाराटांगच्या चुनखडीच्या गुहा. सातव्या दिवशी परत. वाटलं, दहा पानांत काम होईल. वही संपत आली आहे, आणि कार्यक्रमही आता तो राहिलेला नाही. का, ते सांगते.

ह्यांच्या जुन्या पाकिटात एक वीस रुपयांची लाल नोट जपून ठेवलेली आहे. आताच्या वीसच्या नोटेवर वेरूळची लेणी आहेत, पण त्या जुन्या नोटेच्या मागे अंदमानचं दृश्य होतं. माउंट हॅरिएटवरून दिसणारा समुद्र, नारळाची झाडं, पलीकडे दीपगृह. हे गमतीने म्हणायचे, "वीस रुपयांत अंदमान दाखवतो तुला." प्रत्यक्ष जायचं मात्र राहूनच गेलं. परवा ती नोट काढून वहीत ठेवली आणि पहिल्यांदाच नीट पाहिली. झाडं आहेत, पाणी आहे, दिवा आहे. माणूस एकही नाही.

आणि मला एकदम एक वर्ग आठवला. साल १९८६ असावं. तेव्हा मी तालुक्याच्या गावातल्या शाळेत होते. काळ्या पाण्याचा धडा चालला होता. तो धडा मी फार रंगवून शिकवत असे. कोलू, खडी बेडी, नारळाच्या सोडणाचा काथ्या. वर्गात टाचणी पडली तर ऐकू यावी अशी शांतता. धडा संपल्यावर मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. ठाकरवाडीतून रोज चालत येणारी, एरवी तोंडातून शब्द न काढणारी. म्हणाली, "बाई, तुरुंग बांधायच्या आधी तिथं कोण राहायचं?"

मी म्हणाले, "कोणी नाही गं. नुसतं जंगल. आणि थोडे जंगली लोक."

ती खाली बसली. तिच्या वाडीतल्या माणसांना आमच्या गावात हेच विशेषण लावत असत, हे तेव्हा माझ्या डोक्यातही आलं नाही. घंटा झाली, मी वर्गाबाहेर पडले. चाळीस वर्षांनी नोट हातात धरून बसले तेव्हा ते आठवलं आणि कान गरम झाले.

तर मग ही वही त्या मुलीच्या प्रश्नापासून पुन्हा सुरू करावी असं ठरवलं.

इंग्रज अंदमानात पहिल्यांदा गेले ते १८५७ च्या कितीतरी आधी. आर्चिबाल्ड ब्लेअर हा मुंबईच्या आरमाराचा, म्हणजे कंपनीच्या 'बॉम्बे मरीन'चा अधिकारी. त्याने बेटांची पाहणी केली आणि १७८९ साली चॅथम बेटावर वसाहत टाकली. तीन वर्षांनी ती उत्तरेकडे हलवली. तिथे रोगराईने माणसं इतकी मेली की १७९६ मध्ये गाशा गुंडाळावा लागला. त्यानंतर साठेक वर्षं कंपनी तिकडे फिरकली नाही. म्हणजे सवाई माधवरावाच्या अमदानीत पुण्यात नाना फडणीस कारभार करत होते, तेव्हा मुंबईचा एक आरमारी अधिकारी अंदमानचे नकाशे काढत होता. पोर्ट ब्लेअरला नाव पुढे त्याचंच मिळालं. सप्टेंबर २०२४ मध्ये त्या शहराचं नाव श्री विजय पुरम झालं. आमच्या तोंडात मात्र अजून जुनंच बसलंय, म्हणून या लेखातही जुनंच येईल.

अठराशे सत्तावन्नचा उठाव मोडल्यावर पकडलेल्या शिपायांचं करायचं काय, हा प्रश्न आला. हिंदुस्थानातले तुरुंग भरलेले, आणि असली माणसं देशात ठेवायची भीती. १० मार्च १८५८ रोजी डॉ. जेम्स पॅटिसन वॉकर दोनशे कैदी घेऊन 'सेमिरॅमिस' बोटीने तिथे उतरला. तुरुंग नव्हताच. झाडं तोडा, दलदल बुजवा, स्वतःला राहायला झोपड्या बांधा, असं काम. समुद्राने वेढलेलं बेट, त्याला भिंत कशाला? तरीही लोक पळाले. ब्रह्मदेश जंगलापलीकडेच आहे, चालत जाता येईल, अशी काहींची समजूत होती. पळालेल्यांपैकी जे परत सापडले त्यांतल्या ऐंशीहून अधिक जणांना वॉकरने पहिल्या काही महिन्यांतच फाशी दिलं. ही माणसं कोण, त्यांची नावं काय, हे मी कधी शिकवलं नाही, कारण माझ्या धड्यात अंदमान १९०६ मध्ये, सेल्युलर जेल बांधून झाल्यावरच सुरू होत असे.

आता मुलीच्या प्रश्नाकडे. जंगल तोडायला सुरुवात झाली ते जंगल कुणाचं तरी होतं. त्या लोकांना आज आपण ग्रेट अंदमानी म्हणतो. दहा वेगवेगळे समूह, दहा बोली. १८५८ मध्ये त्यांची संख्या काही हजार होती असा अंदाज आहे. त्यांनी या वसाहतीवर हल्ले केले. मे १८५९ मध्ये सगळ्यात मोठा हल्ला झाला, तो 'अबर्डीनची लढाई' म्हणून ओळखला जातो. अबर्डीन म्हणजे आज जिथे पोर्ट ब्लेअरची मुख्य बाजारपेठ आहे तो भाग. एका बाजूला धनुष्यबाण, दुसऱ्या बाजूला बंदुका आणि बोटीवरच्या तोफा.

त्यात आणखी एक गोष्ट घडली. दूधनाथ तिवारी नावाचा उठावातला एक कैदी वर्षभरापूर्वी पळून जंगलात गेला होता. अंदमानींनी त्याला जखमी केलं, मग जगवलं, आपल्यात घेतलं, त्यांच्यातल्या बायकांशी त्याचं लग्नही लावून दिलं. हल्ल्याचा बेत ठरतोय हे कळताच तो वसाहतीत आला आणि इंग्रजांना बातमी दिली. हल्ला फसला. तिवारीला माफी मिळाली.

हे मी सईला फोनवर सांगितलं. तिने विचारलं, "म्हणजे तो चांगला की वाईट?" इतिहासाच्या बाईला या प्रश्नाचं उत्तर पटकन देता यायला हवं. मी म्हटलं, थांब. तो इंग्रजांविरुद्ध उठलेला शिपाई, जन्मठेपेचा कैदी. त्याने बातमी दिली नसती तर त्याच्यासारखेच कितीतरी कैदी त्या हल्ल्यात मेले असते. आणि ज्यांनी त्याला वर्षभर खाऊ घातलं त्यांना त्याने बंदुकांच्या तोंडी दिलं. दोन्ही खरं. सई म्हणाली, "परीक्षेत असं लिहिलं तर मार्क मिळणार नाहीत." बरोबरच आहे. मीही दिले नसते.

लढाईपेक्षा मोठा घात पुढे झाला, तो मात्र माणसाळवण्याच्या नावाखाली. १८६३ पासून इंग्रजांनी 'अंदमान होम' काढली. तिथे अंदमानींना आणून ठेवायचं, कपडे घालायचे, तंबाखू द्यायची, थोडं इंग्रजी शिकवायचं. त्यातून रोग पसरले. आधी उपदंश, मग १८७७ मध्ये गोवराची साथ. १९०१ च्या जनगणनेत ग्रेट अंदमानी उरले ६२५. १९६१ मध्ये एकोणीस. आज पन्नासेक आहेत, बहुतेक सगळे स्ट्रेट बेटावर वसवलेले, आणि घरात हिंदी बोलणारे. त्यांच्यातल्या 'बो' बोलीची शेवटची जाणकार, बोआ सीनियर या नावाने ओळखली जाणारी वृद्धा, २६ जानेवारी २०१० रोजी वारली. भाषाशास्त्रज्ञ अन्विता अब्बी यांनी तिच्याबरोबर बसून या भाषांचं ध्वनिमुद्रण केलं, व्याकरण आणि कोश तयार केले. त्या सांगतात की या भाषेचं सारं व्याकरण माणसाच्या शरीरावर उभं आहे. शरीराच्या कोणत्या भागाशी एखादी गोष्ट जोडलेली आहे, यावर शब्दाचं रूप ठरतं. ज्यांना मी 'थोडे जंगली लोक' म्हणून दोन शब्दांत निकालात काढलं, त्यांचं व्याकरण समजून घ्यायला एका विदुषीला अनेक वर्षं लागली.

त्या २६ जानेवारीला मी शाळेत झेंडावंदनाला होते. निवृत्त शिक्षक म्हणून पहिल्या रांगेत खुर्ची.

असो. आता कार्यक्रमाकडे वळते.

पहिला दिवस, सेल्युलर जेल. यात काही बदल नाही. १८९६ ते १९०६ अशी दहा वर्षं बांधकाम चाललं, विटा ब्रह्मदेशातून आणल्या. मधे मनोरा आणि त्यातून चाकाच्या आऱ्यांसारख्या निघालेल्या सात इमारती, प्रत्येक तीन मजली. कोठड्या सातशेला थोड्या कमी. एका इमारतीचं तोंड दुसरीच्या पाठीकडे, म्हणजे कोणाला कोणाचा चेहरा दिसू नये. एक कोठडी साडेतेरा फूट लांब, साडेसात फूट रुंद. मी टेप घेऊन आमचं स्वयंपाकघर मोजलं. फार फरक नाही. रोज तीस पौंड तेल कोलूवर काढायचं, बैलाच्या जागी माणूस. बाबाराव आधी आले, तात्याराव ४ जुलै १९११ रोजी 'महाराजा' बोटीने. दोघे सख्खे भाऊ एका आवारात आणि भेट नाही. १९२१ मध्ये दोघांना तिथून हलवलं. तात्यारावांची 'माझी जन्मठेप' आमच्या घरात दोन प्रतींत आहे. एक माझी आणि एक ह्यांची, लग्नाआधीची.

पण आम्हा मराठी माणसांना जेलमध्ये शिरल्यावर एकच कोठडी दिसते. तसं होऊ नये म्हणून मी सईसाठी यादी केली आहे. बारींद्र घोष, हेमचंद्र दास, उपेंद्रनाथ बॅनर्जी. उल्हासकर दत्त, ज्यांना छळाने वेड लागलं. इंदुभूषण रॉय, ज्यांनी १९१२ मध्ये कोठडीत गळफास घेतला. गदर पक्षाचे सोहनसिंग भकना, भाई परमानंद. भगतसिंगांबरोबर असेंब्लीत बॉम्ब टाकणारे बटुकेश्वर दत्त. चितगावचे गणेश घोष, अनंत सिंह. १९३३ च्या उपोषणात तिघे गेले. महावीर सिंह, मोहन किशोर नमोदास आणि मोहित मैत्र. पुन्हा १९३७ मध्ये मोठं उपोषण झालं आणि जानेवारी १९३८ पर्यंत सगळ्या राजबंद्यांना मुख्य भूमीवर आणलं गेलं. सातपैकी तीनच इमारती आज उभ्या आहेत. काही भूकंपात आणि जपानी अमलात गेल्या, आणि त्या आवारात १९६३ पासून सरकारी रुग्णालय आहे. ११ फेब्रुवारी १९७९ ला जेल राष्ट्रीय स्मारक झालं. सुनेला मी म्हटलं, सकाळी पाहायचं आणि संध्याकाळी तिथला ध्वनिप्रकाशाचा कार्यक्रमही. ती लगेच हो म्हणाली.

दुसरा दिवस, रॉस बेट. आता त्याचं नाव नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप. ऐंशी वर्षं इंग्रजांचा सगळा कारभार या चिमुकल्या बेटावरून चाले. चर्च, बेकरी, नाचाचा दिवाणखाना, टेनिसचं मैदान. समोर, बोटीने थोड्याच अंतरावर, कोलू. जून १९४१ च्या भूकंपाने बेट हादरलं आणि पुढच्या वर्षी जपानी आले. आज भिंतींवर वडा-पिंपळाच्या मुळ्या चढल्या आहेत आणि हरणं मोकळी फिरतात. फोटो सुरेख येतात म्हणे.

तिथेच बंदरात व्हायपर बेट. कार्यक्रमात नव्हतं, मी घालायला लावलं. सेल्युलरच्या आधीचा तुरुंग तिथे होता. ८ फेब्रुवारी १८७२ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड मेयो माउंट हॅरिएट पाहून संध्याकाळी खाली धक्क्यावर उतरत असताना शेर अली नावाच्या पठाण कैद्याने त्याला भोसकलं. हिंदुस्थानच्या व्हाइसरॉयचा खून झाल्याचं हे एकमेव उदाहरण. शेर अलीला महिनाभरातच व्हायपरवर फाशी दिलं. नोटेवरचं दृश्य दिसतं ते याच डोंगरावरून. १८९१ च्या युद्धानंतर मणिपूरच्या राजाला आणि त्याच्या माणसांना हद्दपार करून इथे ठेवलं होतं, म्हणून २०२१ मध्ये या डोंगराचं नाव माउंट मणिपूर केलं.

आणि आता हॅवलॉक. सईचा सगळा जीव तिथे. राधानगरचा किनारा, प्रवाळ, मासे.

नावापासून सुरुवात करते. हॅवलॉक आणि नील ही दोघंही सत्तावन्नच्या उठावाचा बीमोड करणाऱ्या इंग्रज सेनानींची नावं. त्यातला नील अलाहाबाद-कानपूरकडच्या क्रूर शिक्षांसाठी कुप्रसिद्ध. मद्रासमधला त्याचा पुतळा आंदोलनं होऊन १९३७ साली रस्त्यावरून हलवला गेला. बेटावरचं नाव मात्र आणखी ऐंशी वर्षं टिकलं. म्हणजे ज्यांनी शिपायांना फासावर चढवलं त्यांची नावं बेटांना, आणि जे फासातून वाचले ते शेजारच्या बेटावर बेड्यांत. ३० डिसेंबर २०१८ ला हॅवलॉकचं स्वराज द्वीप आणि नीलचं शहीद द्वीप झालं. ही दोन नावं नेताजींची. त्यांनी १९४३ मध्ये अंदमानला शहीद आणि निकोबारला स्वराज म्हणावं असं सुचवलं होतं.

नेताजी ३० डिसेंबर १९४३ ला पोर्ट ब्लेअरला होते, तिथे त्यांनी तिरंगा फडकवला. हे मी दरवर्षी अभिमानाने शिकवलं. त्याच वेळी सेल्युलर जेलमध्ये काय चाललं होतं ते नाही शिकवलं. २३ मार्च १९४२ ला जपानी उतरले, आणि काही महिन्यांत त्यांना जिकडेतिकडे इंग्रजांचे हेर दिसू लागले. माणसं पकडायची, छळायची, कबुलीजबाब लिहून घ्यायचे, गोळ्या घालायच्या. डॉ. दिवाण सिंग हे पंजाबी कवी आणि तिथले लोकप्रिय डॉक्टर. त्यांना त्याच जेलमध्ये महिनोन्‌महिने हाल करून १४ जानेवारी १९४४ ला मारलं. त्यानंतर पंधरवड्याने, ३० जानेवारीला, हम्फ्रीगंज इथे चव्वेचाळीस जणांना गोळ्या घातल्या. नेताजींना हे काही दाखवलं गेलं नाही. जेल एक, मालक बदलले. एवढं वाक्य मी फळ्यावर लिहायला हवं होतं.

युद्धाच्या शेवटी बेटांवर अन्न संपलं. ऑगस्ट १९४५ मध्ये, शरणागतीच्या अगदी तोंडावर, जपान्यांनी म्हातारी, आजारी, निरुपयोगी ठरवलेली शेकडो माणसं बोटींत भरली. शेतीसाठी दुसऱ्या बेटावर नेतो असं सांगितलं. हॅवलॉकजवळ आल्यावर अंधारात त्यांना समुद्रात ढकललं. जे किनाऱ्याला लागले त्यांतले बहुतेक उपासमारीने मेले. वाचलेले बोटांवर मोजण्याइतके.

हे वाचल्यावर दोन दिवस मी वही उघडली नाही. तेरा वर्षांची मुलगी ज्या पाण्यात मासे बघायला उतरणार, त्या पाण्याबद्दल हे तिला सांगायचं का? मुलगा म्हणाला, "आई, सुट्टी आहे, राहू दे." त्याचंही खरं आहे. समुद्राने कुणाचं पाप केलेलं नाही. पण न सांगण्याचं काम मी सदतीस वर्षं फार चोख केलंय. शेवटी मी सईलाच विचारलं, "तुला तिथलं एक वाईट घडलेलं आधी सांगू की नंतर?" ती म्हणाली, "पोहून झाल्यावर." ठरलं. सकाळी पाण्यात, संध्याकाळी वाळूत बसून गोष्ट. पोर्ट ब्लेअरहून वंडूरच्या वाटेवर हम्फ्रीगंजचं स्मारक आहे, तेही कार्यक्रमात घातलं.

राहिला सहावा दिवस. बाराटांग. इथे मात्र घरात थोडी कुरबुर झाली.

या गुहांकडे जाणारा रस्ता जारवांच्या राखीव जंगलातून जातो. गाड्यांचे तांडे करून, ठरलेल्या वेळी, पोलिसांच्या सोबतीने सोडतात. थांबायचं नाही, फोटो काढायचे नाहीत, खायला द्यायचं नाही, असे नियम आहेत. जारवा हे तिथले मूळ रहिवासी, संख्या काहीशे. १९९७-९८ पर्यंत ते बाहेरच्यांना जवळ येऊ देत नसत. मग ते रस्त्यावर येऊ लागले आणि १९९९ मध्ये त्यांच्यात गोवराची साथ आली. तीच गोवराची साथ, १८७७ सारखी. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये त्यांच्या जंगलातून जाणारा हा रस्ता बंद करायला सांगितलं होतं. रस्ता चालू आहे. २०१२ मध्ये एक चित्रफीत जगभर गाजली, खाण्याच्या मोबदल्यात जारवा बायकांना पर्यटकांसमोर नाचायला लावल्याची. टूरवाल्यांच्या कागदावर 'गुहा' असं छापलेलं असलं तरी त्या गाड्यांमधली सगळीच माणसं गुहांसाठी जात नाहीत.

मुलगा म्हणाला, "आपण काही खिडकीतून बघणार नाही, आई. सरळ गुहेत जाऊ." मी म्हटलं, खिडकी आहे म्हटल्यावर बघितलं जातंच. मीही बघेन. त्या रस्त्याच्या पलीकडच्या गावांतल्या लोकांना दवाखाना, शाळा, बाजार यांसाठी तो लागतो, हे मला कळतं, आणि त्यांचा प्रश्न सोडवायला मी कोण? मला तिथे जायची गरज नाही, एवढंच मी ठरवू शकते. सून इतका वेळ गप्प होती. ती म्हणाली, "एक दिवस वाळूत जास्त मिळेल." विषय संपला.

त्या सहाव्या दिवशीच्या सकाळी आम्ही पोर्ट ब्लेअरमध्येच असू. समुद्राकाठी अबर्डीनच्या लढाईचं एक स्मारक आहे, तिथे जाऊ. लढाईत पडलेल्या अंदमानींसाठी उभारलेलं. टूरच्या कागदावर ते नव्हतं.

वहीचं पहिलं पान मी कोरंच ठेवलं होतं. परवा त्यावर वर्गातला तो प्रश्न लिहिला आणि खाली उत्तर. उत्तर असं: "तिथे लोक राहत होते. दहा समूहांचे, दहा बोली बोलणारे. त्यांना आधीच नाव होतं, घर होतं, आणि ते लढले. बाईंना माहीत नव्हतं. बाईंनी विचारायला हवं होतं."

ती मुलगी आज पन्नाशी ओलांडलेली बाई असेल. कुठे असते माहीत नाही. सईला मी हे पान वाचायला दिलं. तिने वाचलं, वही मिटली आणि विचारलं, "आजी, तिकिटं काढली का बाबानं?"

काढली. नोव्हेंबरची आहेत.